तिकीट शून्य, खेळ सोळा आणे

पाहुण्यांना गाडीत बसवून द्यायला रेल्वेच्या फलाटावर गेलात, तर 10 रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढावं लागतं. भोपाळमध्ये मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन हॉकीचा सामना बघायला गेलात, तर एक पैसाही लागत नाही. खिडकी नाही, रांग नाही, मनगटावर शिक्का नाही. फाटक उघडं असतं. आत जायचं, सावलीतली पायरी हेरायची आणि बसायचं. समोर बावीस मुली जीव तोडून धावत असतात, गोलकीपर घसा फोडून बचावफळीला जागा सांगत असते आणि स्टँडमध्ये बहुतेक वेळा खेळाडूंच्या मैत्रिणी, एखाद-दुसरे वडील आणि शिट्टी गळ्यात अडकवलेले दोन-चार क्रीडाशिक्षक. इतका वेगवान खेळ इतक्या स्वस्तात देशात कुठेच मिळत नाही. मग बघायला आपण का जात नाही?

त्या प्रश्नाकडे येऊच. आधी थोडी मजेदार माहिती चाखू.

कर्णधार, आणि तिकीट तपासनीस

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघाची कर्णधार होती मणिपूरची सुशीला चानू. तिची तेव्हाची नोकरी कुठली? मुंबईत, मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस! जिच्या खेळाला देशातल्या बहुतेक मैदानांवर तिकीटच नसतं, तिच्या पगाराचं काम म्हणजे इतरांची तिकिटं बघणं. भारतीय महिला हॉकी उभी आहे ती मोठ्या प्रमाणावर रेल्वेच्या नोकऱ्यांवर. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं दादा राहिला तो उगीच नाही. स्टिक हातात घेणाऱ्या मुलीच्या घरच्यांना 'पुढे काय?' या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर रेल्वेने दिलं. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, पुण्यात जन्मलेली एलिझा नेल्सन, हीसुद्धा रेल्वेचीच खेळाडू. त्या स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला 6-0 असं धुतलं होतं. एशियाडमध्ये बायकांची हॉकी त्याच वर्षी पहिल्यांदा आली, म्हणजे पहिलं सुवर्ण आपलंच.

बेगमांच्या गावातला सोन्याचा कप

भोपाळवर 1819 पासून 1926 पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, बायकांनी राज्य केलं. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहाँ बेगम आणि सुलतान जहाँ बेगम. यातल्या शेवटच्या सुलतान जहाँ म्हणजे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती. मुलींच्या शाळा त्यांनी हौसेने आणि हट्टाने काढल्या. त्यांचे चिरंजीव जनरल ओबैदुल्ला खान. त्यांच्याच नावाने 1931 मध्ये ओबैदुल्ला खान गोल्ड कप सुरू झाला आणि भोपाळ हॉकीच्या नकाशावर ठळक झालं.

त्याच घराण्यातली राजकन्या आबिदा सुलतान घोडेस्वारीत, पोलोत आणि शिकारीत पुरुषांच्या तोडीची होती. 1942 मध्ये तिने विमान उडवण्याचा परवाना मिळवला आणि 1949 मध्ये ती स्क्वॉशची अखिल भारतीय महिला विजेती झाली. तेव्हा भोपाळमध्ये मुलीने मैदानात उतरणं ही काही अलीकडची हवा नाही, या गावाला ती जुनी सवय आहे.

पुरुष खेळाडूंची यादी तर लांबलचक. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन या दोघांनी 1948 मध्ये भारताकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि 1956 मध्ये पाकिस्तानकडून रौप्य. अहमद शेर खान 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला गेले. त्यांचा मुलगा अस्लम शेर खान याने 1975 च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, भारत 1-2 मागे असताना, बदली खेळाडू म्हणून उतरून पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. गळ्यातल्या तावीजाचं चुंबन घेऊन त्याने तो फटका मारला, ही गोष्ट जुन्या भोपाळच्या पटियांवर आजही रंगते. पटिये म्हणजे दुकानांबाहेरच्या दगडी फरश्या. रात्री तिथे बैठक जमते आणि गावभरच्या गप्पा झडतात. अस्लमचा गोल तिथे पाठ आहे. मुलींचे गोलही तिथे पाठ व्हावेत, एवढीच माझी मागणी. सुरुवात करायला एक नाव देऊन ठेवतो: खुशबू खान. भोपाळच्या गरीब वस्तीतून आलेली ही गोलकीपर भारताच्या ज्युनियर विश्वचषक संघापर्यंत पोहोचली.

येवल्याचे तात्या आणि भोपाळचं टी. टी. नगर

भोपाळमधलं राज्य क्रीडा खात्याचं मोठं संकुल म्हणजे टी. टी. नगर स्टेडियम. हे 'टी. टी.' कोण? तात्या टोपे! नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात जन्मलेले, 1857 चं रण पेटतं ठेवणारे आणि 18 एप्रिल 1859 रोजी याच मध्य प्रदेशातल्या शिवपुरीत फाशी गेलेले. भोपाळी माणूस दिवसातून दहा वेळा 'टीटी नगर' म्हणतो. मराठी माणसाने मात्र एकदा तरी पूर्ण नाव उच्चारावं.

हॉकीची मैदानं दोन लक्षात ठेवा. एक ऐशबाग, जुनं आणि आठवणींनी भरलेलं. 2012 च्या वर्ल्ड हॉकी सिरीजमध्ये 'भोपाळ बादशाह' संघाचं ते घरचं मैदान होतं आणि कर्णधार होता गावचाच ऑलिंपियन समीर दाद. दुसरं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार, ज्यांच्या गोलने 1975 चा विश्वचषक भारताला मिळाला, त्यांनी पुढे भोपाळच्याच अकादमीत मुलांना शिकवलं. इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद त्यांच्याच तालमीतला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ब्राँझ जिंकलं.

मुलींची राज्य अकादमी मात्र भोपाळला नाही. ती आहे ग्वाल्हेरला, कंपूत, जिथे एके काळी शिंदेशाहीच्या फौजेची छावणी होती. ही अकादमी 2006 मध्ये सुरू झाली. ग्वाल्हेर हे कॅप्टन रूपसिंह यांचं गाव. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ शिंद्यांच्या सैन्यात कॅप्टन होते आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या 24-1 या विजयात त्यांनी एकट्याने 10 गोल ठोकले होते. त्यांच्या नावाचं ग्वाल्हेरचं स्टेडियम मुळात हॉकीचं. पुढे तिथे क्रिकेट आलं आणि 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिनने तिथेच नाबाद 200 केल्या. पण एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं नाही! ते ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचं, 1997 मध्ये, आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, नाबाद 229. बायकांचे विक्रम असे आपल्या अंगणात घडतात आणि आपल्याला ते बारा-तेरा वर्षांनी कळतात, तेही पुरुषाच्या विक्रमाची बातमी वाचताना.

पन्नास गुंठे आणि हजारो लिटर

हॉकीचं मैदान 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असतं. गावच्या हिशेबात सांगायचं तर जवळजवळ 50 गुंठे, म्हणजे सव्वा एकर. एवढ्या जागेवर टर्फ अंथरायला काही कोटी रुपये लागतात. ती आठ-दहा वर्षांत झिजते आणि मग पुन्हा कोटींचा हिशेब. सामन्याचं तिकीट शून्य असलं तरी पायाखालची जमीन अशी महाग आहे.

आणि तहानलेलीही! आंतरराष्ट्रीय दर्जाची बरीच टर्फ पाण्यावरची असतात. सामन्याआधी आणि मध्यंतरात कडेच्या तोफांतून पाण्याचे फवारे उडतात. ओल्या टर्फवर चेंडू उसळत नाही, सुळकन घसरतो. खेळाडू पडली तर सुक्या टर्फवर गुडघे सोलवटून निघतात, ओल्यावर ती सरकते. एका भिजवण्याला हजारो लिटर पाणी लागतं. आता हे भोपाळच्या उन्हाळ्यात मनात आणा. मे 2022 मध्ये सीनियर महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भोपाळमध्ये झाली. ओडिशाने कर्नाटकला 2-0 हरवून ती जिंकली. मे महिन्यातलं भोपाळ म्हणजे चाळिशीपार पारा. पाणी मारून वळेपर्यंत टर्फ सुकायला लागते. अशा उन्हात पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव खेळणाऱ्या मुलींना आपण 'नाजूक' म्हणतो, हे बंद झालं पाहिजे.

अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला बडा तलाव हा या गावाचा अभिमान. 'ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया' असं इथली माणसं छाती फुगवून सांगतात. तळ्यांच्या गावातसुद्धा खेळासाठी पाणी उधळताना हात आखडायला हवा, आणि जगाला हे कळलं आहे. रिओच्या तुलनेत टोकियोच्या ऑलिंपिक टर्फला पाणी बरंच कमी लागलं आणि आता संपूर्ण कोरड्या टर्फवर काम चालू आहे. ते जमलं तर सर्वांत मोठा फायदा छोट्या कॉलेजांचा. पाण्याची टाकी, मोटर, फवारे, विजेचं बिल, सगळा खर्च वाचेल.

टर्फचा रंग निळा का, हा प्रश्न स्टँडमध्ये हमखास कोणीतरी विचारतं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा निळी टर्फ आली, जोडीला पिवळा चेंडू. टीव्हीवर चेंडू दिसावा म्हणून. तेव्हापासून जगभर निळ्याची लाट आहे.

तिकडे मात्र पाणी गोठवतात

अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या भाचीला 'हॉकीची मॅच बघितलीस का?' विचारा, ती बर्फावरच्या हॉकीबद्दल बोलू लागेल. तिथे मैदानाला रिंक म्हणतात, लांबी साधारण 60 मीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाने आपल्या एका हॉकीच्या मैदानात जवळजवळ तीन रिंक मावतात. गंमत म्हणजे दोन्ही खेळांचा जीव पाण्यात आहे. आपण ते टर्फवर शिंपडतो, ते गोठवतात.

रिंकवर दर डावानंतर एक अगडबंब यंत्र फिरतं, झांबोनी. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी ते 1949 मध्ये बनवलं. त्याआधी बर्फ खरवडून, धुऊन पुन्हा गुळगुळीत करायला तासाहून जास्त वेळ जायचा. हे यंत्र बर्फावर गरम पाणी सोडतं! गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो आणि नवा थर खालच्याशी एकजीव होतो. खेळायची रबरी चकती, पक, सामन्याआधी गोठवून ठेवतात. नाहीतर ती उसळते.

तिकडेही न्यू इंग्लंडमधल्या अनेक छोट्या कॉलेजांत मुलींच्या आइस हॉकीला प्रवेश फुकटच असतो. पण आत गेल्यावर डोक्यावर छप्पर असतं, बसायला बाक, स्वच्छतागृह आणि गरम कॉफीची खिडकी. मिनेसोटा विद्यापीठाने तर 2002 मध्ये खास मुलींच्या हॉकीसाठी रिडर अरीना बांधलं. अमेरिकेत मुलींच्या कॉलेज हॉकीसाठी उभं राहिलेलं ते पहिलंच अरीना.

भारतात बर्फावर खेळणाऱ्या मुली आहेत का? आहेत, आणि काय आहेत! लडाखच्या मुलींनी जवळजवळ स्वतःच्या हिमतीवर राष्ट्रीय संघ उभा केला. 2016 मध्ये तैपेईला त्यांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर 4-3 असा पहिला विजय आणि 2025 मध्ये अल ऐनच्या आशिया कपमध्ये ब्राँझ. देशात बंदिस्त, पूर्ण मापाची रिंक एकच, देहरादूनला. 2011 मध्ये ती बांधली आणि मग कित्येक वर्षं कुलपात राहिली, कारण बर्फ राखायचा तर वीज लागते आणि विजेला पैसे. ती 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर या मुली हिवाळ्यात तळी गोठण्याची वाट बघत सराव करत होत्या. सुविधा नाही म्हणून खेळ थांबवावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

एकेकीला एक बैल

1980 ला मॉस्कोत बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली. बहिष्कारामुळे बरेच देश गळाले. ऐन वेळी झिम्बाब्वेला बोलावणं गेलं आणि घाईघाईत निवडलेला संघ मॉस्कोला पोहोचला. त्या मुली कृत्रिम टर्फवर त्याआधी कधीच खेळल्या नव्हत्या. त्यांनी सुवर्ण जिंकलं! मायदेशी प्रत्येकीला एक बैल बक्षीस देण्याचं जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात हातात पडलं ते पाकीटबंद मांस.

त्या स्पर्धेत सहा संघ होते आणि रूपा सैनीच्या नेतृत्वाखालचा भारत चौथा आला. मातीगवतावर वाढलेल्या आपल्या मुलीही त्या टर्फवर तितक्याच नवख्या होत्या. पुढच्या ऑलिंपिक चौथ्या क्रमांकासाठी मग 2021 उजाडलं. टोकियोत ऑस्ट्रेलियाला 1-0 ने घरी पाठवणारा गुरजीत कौरचा तो फटका आणि वंदना कटारियाची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची हॅटट्रिक कोण विसरेल? ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला.

चेंडू तोच, मैदान तेच

क्रिकेटमध्ये बायकांचा चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका असतो, 140 ते 151 ग्रॅम. सीमारेषाही जवळ असते. हॉकीत अशी सवलत काडीमात्र नाही. चेंडू तोच, 156 ते 163 ग्रॅमचा. मैदान तेवढंच, गोल तेवढाच म्हणजे 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच, वेळ तेवढीच. पुरुषांच्या क्रिकेटच्या चेंडूचं वजनही जवळपास एवढंच असतं, कारण सुरुवातीच्या काळात हॉकी क्रिकेटच्याच चेंडूने खेळत. आता शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येणाऱ्या या चेंडूसमोर, गोलरेषेवर, तोंडावर मुखवटा चढवून उभी राहिलेली कॉलेजची मुलगी डोळ्यांसमोर आणा. दुपारी तिची परीक्षाही असते.

मुंबईच्या बाई, मुंबईचे पुत्र

महिलांच्या सीनियर राष्ट्रीय स्पर्धेचा मानाचा चषक लेडी रतन टाटा यांच्या नावाचा आहे. लेडी नवाजबाई म्हणजे सर रतन टाटांच्या पत्नी. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे नवल टाटा, उद्योगपती रतन टाटांचे वडील. 1948, 1952 आणि 1956 च्या ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीची सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष हेच नवल टाटा! आईच्या नावाचा चषक मुलींसाठी, आणि मुलाच्या कारकिर्दीत पुरुषांची सुवर्णपदकं. क्रिकेटवेड्या मुंबईतल्या एका घरात हॉकीला अशी माया मिळाली.

फलटणची ऋतुजा, रांचीची रात्र

सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका हॉकीसाठी प्रसिद्ध आहे हे किती मराठी घरांत माहीत आहे? वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ, तिघी भारताकडून खेळल्या, तिघीही फलटणकडच्या. 26 जानेवारी 2025 ला रांचीत महिलांच्या पहिल्यावहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला 2-1 हरवलं आणि वॉरियर्सचे दोन्ही गोल केले ऋतुजाने! त्या लीगलाही प्रेक्षकांना प्रवेश फुकट होता. 2024 च्या नोव्हेंबरात बिहारमध्ये राजगीरला झालेल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकालाही. म्हणजे शून्य रुपयांची परंपरा कॉलेजच्या मैदानापासून थेट राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचली आहे.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची तर जुनी चुरस. 2023 मध्ये काकीनाड्याला झालेल्या सीनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशच्या मुलींनी महाराष्ट्राला हरवलं. भोपाळमधल्या मराठी घरांत त्या दिवशी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हा पेच पडला असेल. मी म्हणतो, दोघींसाठी वाजवा.

तिकीट असूनही गर्दी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. फुकट असूनही स्टँड रिकामा का?

इंग्लंडची एक गोष्ट ऐका. 1951 पासून 1991 पर्यंत लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडच्या महिला हॉकी संघाचा सामना दरवर्षी व्हायचा. तिकीट लावून! देशभरातून शाळकरी मुलींनी भरलेल्या बसगाड्या यायच्या आणि ऐन भरात साठ हजारांहून अधिक प्रेक्षक असायचे. त्या मुलींच्या किंकाळ्यांनी वेम्बली दणाणून जायचं. गर्दीला तिकीट आडवं आलं नाही, कारण कुणीतरी शाळांना आधीपासून तारीख कळवली होती, बस ठरवली होती आणि आत गेल्यावर मुलींना बसायला जागा होती.

आपल्याकडे प्रेक्षक येत नाहीत याचं खापर 'लोकांना आवडच नाही' यावर फोडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कॉलेजच्या सामन्याची तारीख गावाला कळते कशी? बऱ्याचदा कळतच नाही. वेळापत्रक क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटात जन्मतं आणि तिथेच संपतं. समजा कळली. मग आई, आजी, धाकटी बहीण मैदानावर जाणार. दोन-अडीच तास बसणार. तिथे बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? आपल्याकडच्या छोट्या मैदानांवर या प्रश्नाचं उत्तर अनेकदा 'कुलूप लावलंय, किल्ली कुणाकडे आहे बघतो' असं असतं. एवढ्या एका गोष्टीमुळे किती आया घरी राहतात याची मोजदाद कुणी करत नाही. खेळणाऱ्या मुलींची तऱ्हा याहून कठीण. कपडे बदलायला खोली नाही म्हणून घरूनच किट चढवून, वरून ओढणी घेऊन येणाऱ्या मुली प्रत्येक शहरात आहेत. पाळीच्या दिवसांत सामना आला तर काय करायचं, याचा विचार मैदान बांधणाऱ्याने केलेला नसतो. डोक्यावर सावली, पिण्याचं थंड पाणी, चालू असलेला गुणफलक, हे त्यानंतरचं.

माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थ्यांना, शाळकरी मुलामुलींना आणि खेळाडूंच्या घरच्यांना प्रवेश फुकटच राहावा. भिंतीवरून डोकावणाऱ्या पोराला तर हाताला धरून आत आणावं, उद्याचा खेळाडू तिथूनच येतो. पण आमच्यासारख्या कमावत्या प्रौढांकडून 10 रुपये घ्यावेत, फलाटाएवढेच. दोनशे माणसं आली तर 2000 रुपये. ते पैसे त्याच मैदानावर, त्याच दिवशी खर्च करावेत: स्वच्छतागृहाची सफाई करणाऱ्या बाईंचा रोज, पाण्याचे जार, प्रथमोपचाराची पेटी. रक्कम छोटी आहे, पण तिकीट काढलेला माणूस पाणी नसेल तर विचारतो, कुलूप असेल तर किल्ली मागतो. आणि दहा रुपये मोजून आपला खेळ बघायला कुणी आलं, हे खेळणाऱ्या मुलीला कळतं. त्याची किंमत दहा रुपयांहून फार मोठी आहे.

खर्चाचं खरं ओझं आज कुणावर आहे तेही बघा. चांगली कंपोझिट स्टिक हजारोंच्या घरात जाते. टर्फचे बूट वेगळे. गोलकीपरचं पूर्ण किट म्हणजे पॅड, किकर, छातीचं कवच, हेल्मेट, हातमोजे, एका साध्या घराच्या महिन्याच्या कमाईला सहज गिळतं. म्हणून छोट्या कॉलेजांत एकच किट वर्षानुवर्षं एका गोलकीपरकडून दुसरीकडे जातं, मापात बसो न बसो. मैदान फुकट, प्रवेश फुकट, पण खेळणारीच्या घराने मात्र पदरमोड केलेली असते.

जाणार असाल तर

सकाळच्या सामन्याला जा. आधी पोहे-जिलेबी, मग मैदान, परतीच्या वाटेवर भोपाळचा मिठाचा सुलेमानी चहा. टोपी आणि पाण्याची बाटली घरूनच न्या, रिकामी बाटली परत आणा.

गोलच्या अगदी मागे बसू नका, चेंडू दगडासारखा लागतो. पंचवीस यार्डांच्या रेषेच्या आसपास, जमेल तितक्या वरच्या पायरीवर बसा. तिथून 'डी', म्हणजे गोलसमोरची डीच्या आकाराची जागा, नीट दिसते, आणि गोल फक्त डीच्या आतून मारलेला चालतो. बाहेरून कितीही जोरात मारला तरी व्यर्थ. पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे मैदानाच्या भाषेत 'पीसी', की गप्पा थांबवा. बचावाला गोलकीपरसह पाचच मुली गोलरेषेमागे राहतात, बाकीच्यांना मधल्या रेषेपलीकडे पळावं लागतं. पुढचे चार-पाच सेकंद पापणी लवू देऊ नका. हिरवं कार्ड दिसलं तर खेळाडू दोन मिनिटं बाहेर, पिवळं असेल तर किमान पाच आणि लाल म्हणजे घरी.

डावखुरी खेळाडू शोधत बसू नका. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते आणि नियमात डावखुरी स्टिकच नाही. बर्फावरच्या हॉकीत ती असते. आपल्याकडे डावखुऱ्या मुलीलाही उजव्या हाताची स्टिक घेऊनच खेळावं लागतं, आणि ती खेळते. रिव्हर्स फटका, म्हणजे स्टिक उलटी करून कडेने मारलेला, तिच्याकडून आला तर उभं राहून दाद द्या. खेळाडूंची नावं पाठीवर नसली तर शेजारी बसलेल्या मुलीला विचारा. ती बहुधा राखीव खेळाडू असते किंवा कुणाची तरी बहीण, आणि बावीसच्या बावीस जणींची नावं, कॉलेजं आणि गेल्या वर्षीचे गोल ती एका दमात सांगते.